गोणपाटातली जुसाई

मिल्यानफान, १४ एप्रिल

प्रिय झैनबताई,

तू आणि तुझा अर्काशा बरे असाल. इथे सगळे आपापल्या कामात आहेत. मी सुट्टीला बिश्केकच्या बियाणे प्रयोगशाळेतून घरी येते.

परसातली खबर देते. लसणाच्या वासाची, चपट्या पानांची जुसाईची पात फार दाट झाली आहे. पानं बारीक पडली, ठोंब कधीच फोडायला हवे होते. डोंगरातून आणलेली जात अजून जमिनीलगतच आहे. तू लग्नानंतर काराकोलहून पाठवलेली, नळीसारख्या पानांची रशियन जात मात्र वीतभर वाढली आहे.

कापणी यंदा बाबा करतात. त्यांनी पांढऱ्या देठाखाली विळा घातला आणि वर लगेच पाणी सोडलं. अर्धी ओळ कुजली. आई पायरीजवळ खुर्चीत बसून ओरडत होती, "अहो, दाढी करताय की गळा कापताय?"

बाबा तुझ्या वाफ्याकडे वळले. "हे उपटूनच टाकतो. आतून पोकळ! जावयाची जातच ती."

"पोकळ असेल," आई म्हणाली, "पण बर्फातून आधी तेच डोकं काढतं. तुमची जुसाई तेव्हा घोरत असते."

दुसऱ्या सकाळी बाबांनी जुसाईचे ठोंब फोडले आणि त्यातला एक ओल्या गोणपाटात बांधून दाराशी ठेवला. सासरी जाणाऱ्या मुलीला आपल्याकडे आईच्या वाफ्यातला ठोंब देतात. तू न सांगता लग्न केलंस, तेव्हा बाबांनी आईला तो देऊ दिला नव्हता.

"कुणासाठी हा?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी नाही. तुझं कुठे जमलंय?"

आई खुर्चीत का बसते, ते लिहायचं राहिलं. तिला उकिडवं बसता येत नाही. पोटात गाठ झाली होती, ती यकृतापर्यंत गेली आहे. आई उन्हाळा काढेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. तुला कळवायचं नाही, असं तिनं मला बजावलं आहे.

ठोंब टपालानं पाठवता येईल. मी पाठवणार नाही. बुधवारी ये. त्या दिवशी मी बिश्केकला असेन आणि आईला दुपारी उठता येत नाही, तेव्हा दार बाबांनाच उघडावं लागेल. मी तोच दिवस निवडला आहे. अर्काशालाही आण.

बुधवारी घरी नसणारी, तुझी
झुखरा