पान सात

२ एप्रिल

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे जागच्या जागी आहे. नाना खाटेवर, मी खाटेजवळ.

बहिऱ्या मुलांच्या शाळेचे पत्र पुन्हा आले. हे तिसरे. वसतिगृहात राहून शिकवायचे आहे, पंधरा जूनला हजर व्हायचे आहे. या वेळी आला नाहीत तर यादीतून नाव काढू, असे मुख्याध्यापिकांनी स्वतःच्या हाताने खाली लिहिले आहे. मला एकोणचाळिसावे लागले. चाळिशीनंतर ते घेत नाहीत.

आपले ठरले होते ते तुला आठवत असेलच. दोन वर्षांत तुझे एम. ए., मग तू घरी, मी बाहेर. हे चौथे वर्ष. औषधाच्या दुकानातली माझी अर्ध्या दिवसाची नोकरी नानांना सांभाळणाऱ्या सकाळच्या बाईंच्या जिवावर चालते. दोनला त्या जातात. नंतर नानांना कुशीवर वळवायला मीच. जरा उशीर झाला की खाटेच्या दांडीवर चमचा वाजतो. समोरच्या शिंप्याला तो आवाज इतका सवयीचा झालाय की आवाज थांबला की शिंपीच डोकावून जातो.

अमेरिका न पाहता अमेरिकेची पदवी घ्यायला इतका वेळ का लागतो, असे नाना विचारतात. पाहायला गेली असती तर लवकर परतली असती म्हणतात. तेव्हा नक्की काय राहिले आहे ते एकदा नीट लिही. मला शाळेला उत्तर द्यायचे आहे.

जेवणाकडे दुर्लक्ष करू नकोस. माया आहे, ती गृहीत धर.

तुझी,
ताई

*

११ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझे पत्र दोनदा वाचले. राग नाही हे पाहून जास्त भीती वाटली.

विचारलेस म्हणून सांगते. अमेरिकन अभ्यासाच्या एम. ए.ला छत्तीस क्रेडिट लागतात. इतिहासाचे तीन कोर्स, साहित्याचे तीन, राज्यघटनेवर एक, शिवाय एक चर्चावर्ग. एका परकीय भाषेची वाचन-परीक्षा. मग सगळ्या विषयांची मिळून सहा तासांची लेखी. एवढे माझे झाले आहे. त्यानंतर ऐंशी पानांचा प्रबंध आणि तोंडी परीक्षा. ते राहिले. माझे गाइड रजेवर परदेशी गेले आहेत, ऑगस्टपर्यंत येत नाहीत. त्यांच्या सहीशिवाय पान हलत नाही.

रिकामी बसले नव्हते. गेल्या सत्रात दोन जादा कोर्स केले, निबंधांसकट. एक गुलामांनी स्वतः लिहिलेल्या हकिकतींवर, दुसरा टपालाने माल विकणाऱ्यांच्या जुन्या याद्यांवर. घराची तयार लाकडे, छप्पर आणि खिळे एका यादीतून मागवून लोक माळरानावर राहायला जात. कोणाला विचारत नसत.

वसतिगृहातल्या माझ्या खोलीची खिडकी बॉयलरच्या भिंतीसमोर उघडते, म्हणजे उघडतच नाही. तरी दाराला आतून कडी आहे. तुला खोटे वाटू नये म्हणून विभागाची नियमपुस्तिका सोबत पाठवते. पान सात पाहा, सगळ्या अटी तिथे आहेत.

नानांना नमस्कार. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
ठमी

*

२४ एप्रिल

चि. ठमीस,

आशीर्वाद. डाव्या हाताने लिहितो आहे. ओळी उतरतील, सांभाळून घे. चार दिवसांत थोडे थोडे झाले.

ताईने पान सात वाचले आणि पुस्तिका फळीवर ठेवली. मग शाळेला नकार लिहिला आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे तपासायला दिला. घरातून जाणारे पत्र माझ्या नजरेखालून जाते हे तुला माहीतच आहे. नकारात एकही चूक नव्हती. मी तो उशीखाली ठेवला. बाईंबरोबर टाकायला दिला असे तिला वाटते.

नंतर पुस्तिका मागून घेतली. छापखान्यात चाळीस वर्षे प्रुफे वाचली. मला एकच पान वाचून थांबता येत नाही. मी मुखपृष्ठापासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचतो. पान अकरावर तळाला बारीक टाइपात आहे: निबंधांसह दोन जादा कोर्स पूर्ण करणाऱ्यास प्रबंध व तोंडी परीक्षा माफ, त्याने फक्त पदवीसाठी अर्ज करावा.

तुझे डिसेंबरात संपले आहे, ठमे.

ताईला बोललो नाही, बोलणारही नाही. तुला माझ्या खाटेजवळ यावेसे वाटत नाही यात नवल काही नाही. मलाच इथे राहावेसे वाटत नाही. पण तिला जाऊ दे. तिला एवढेच लिही की गाइड लवकर आले, काम झाले, दहा जूनला पोहोचते, तू आठलाच नीघ. तुझा शब्द असल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही.

तू येऊ नकोस. दोननंतरचे माझे मी पाहीन. शिंपी किल्ली ठेवायला तयार आहे.

हे पत्र बाई टाकतील. दोनदा वाचून पाहिले आहे.

नाना

*

३ मे

ती. ताईस,

सा. न. गाइड अचानक परतले, माझे सगळे मार्गी लागले. दहा जूनला दुपारच्या आत घरी पोहोचते. तू आठलाच नीघ, मधले दोन दिवस बाई आणि शिंपी पाहतील, माझी वाट पाहू नकोस. तू थांबलीस तर आपण दोघी उगाच रडत बसू आणि नाना चमचा वाजवतील.

शाळेला आजच होकार लिही. नव्या मुलांना माझी हकिकत सांगू नकोस. जीव आहे तुझ्यावर.

ठमी

*

३ मे

ती. नानांस,

सा. न. वि. वि. ताईचे पत्र याच टपालाने टाकते आहे. तुम्ही सांगितले तसेच लिहिले.

तळटीप मला माहीत होती. ती वाचूनच ते दोन कोर्स घेतले होते, लवकर सुटावे म्हणून. डिसेंबरात निकाल लागला. अर्ज एका पानाचा आहे. तो मी टेबलाच्या खणात ठेवला. अर्ज दिला की पाच आठवड्यांत खोली सोडावी लागते. न दिला तर मी विद्यार्थिनी. चार महिने रोज खण उघडायचा आणि लावायचा, एवढेच काम केले. वाचनालयातही गेले नाही, कोणी विचारील म्हणून. सुटका असे जिला म्हणत होते तिच्यात मी दाराकडे तोंड करून बसत होते.

तुम्ही रागावला असतात तर मी ऑगस्ट सांगितला असता, मग डिसेंबर. ताई रडली असती तरी माझ्याकडे उत्तर होते. न येण्याची पुष्कळ कारणे मी जमवली होती. तुम्ही येऊ नकोस लिहिलेत आणि त्यांतले एकही उरले नाही. लिहिताना तुम्हाला हे ठाऊक होते का, ते विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका.

अर्ज आज दिला. पदवी कुठे पाठवायची असे त्यात विचारले आहे. घरचा पत्ता घातला. कारकुनाने तो कायमचा पत्ता आहे ना असे विचारले. होय म्हणाले.

शिंप्याला सांगा, किल्ली दहा तारखेपर्यंतच ठेवावी लागेल.

आपली,
ठमी