बोलून चालणाऱ्या घराची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, एकेचाळीस वर्षं वायरमन, आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. थकवा मात्र फार आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो.

कलम एक. राहतं घर माझ्या पश्चात पत्नीचं. ती आहे तोवर ते विकू नये, आणि "आई, आमच्याकडे चल" म्हणून तिच्या मागेही लागू नये. तिला उजेड आणि सावली एवढंच दिसतं. परक्या घरात ती भिंती चाचपत बसेल. इथे ती मालकीण आहे, कारण हे घर बोलून चालतं. आवाज ऐकून दिवे-पंखे चालवणारी यंत्रणा मुलाने बसवली. पत्नी तिला 'बाई' म्हणते. हुकूम सोडत नाही, गप्पा मारते. "डोळ्यांत खुपतंय गं" म्हटलं की दिवा मंद होतो, "अंगावर काटा आला बघ" म्हटलं की पंखा बंद. मी जन्मभर एक बटण, एक दिवा असं काम केलं. मला ही थेरं पटली नाहीत. तरी बाईला कोणी काढू नये.

कलम दोन. बँकेत असेल ते पत्नीचं. माझी आरामखुर्ची तिला कधीच आवडली नाही, ती खुशाल भंगारात द्यावी.

कलम तीन. टेस्टर, पक्कड, ड्रिल मुलाला. तो कॉम्प्युटरवाला, त्याला उपयोग शून्य, तरी ठेवावीत. शिडी हार्डवेअरवाल्याने सात वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली. आता त्याच्याकडेच राहू दे. साक्षीदार म्हणून सही करताना त्याने हे वाचावं, एवढीच इच्छा.

कलम चार. हे मुलासाठी, माझ्या मरणानंतर वाचावं. दोन वर्षांपूर्वी तुझी आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी तुला फोनवर म्हणालो, "तुझ्या मशीनने ऐन वेळी दगा दिला." ते खोटं होतं. त्या दुपारी ती मला म्हणाली, डोकं जड झालंय. मी पेपर वाचत होतो, 'हं'सुद्धा केलं नाही. बाईने विचारलं, "पडदा ओढू का?" त्यावर तुझी आई म्हणाली, "या घरात एवढं विचारणारं कोणी नव्हतं गं." मला ते झोंबलं. बोर्डावरचा बाईच्या लाइनचा एमसीबी पाडून तिची वीज तोडली आणि बाहेर चहाला निघून गेलो. संध्याकाळी अंधारून आलं, ती दिवा मागत राहिली, कोणी ओ दिली नाही, म्हणून उठली. मी परतलो तेव्हा ती जमिनीवर कण्हत होती. मी आधी बोर्डाकडे गेलो, एमसीबी वर केला, मग तिच्याकडे आलो. तेव्हापासून तू दोनदा मशीन बदललंस, आणि दर रविवारी येऊन तपासत बसतोस, आईच्या नजरेला नजर देत नाहीस. तुझी काही चूक नव्हती रे.

कलम पाच. माझ्यामागे कोणी माझी स्तुती करू नये.

सहीपूर्वी वरील मजकूर पत्नीला वाचून दाखवला. चौथं कलम मी गाळलं.

"तीननंतर एकदम पाच?" ती म्हणाली. "डोळे गेलेत माझे, कान नाही गेले."

मग वाचलं.

"माझं हाड जुळलं," ती म्हणाली. "पोरगं दोन वर्षं स्वतःला खातंय. आणि तुम्ही मेल्यावर सांगणार त्याला? अहो, लाज कशी वाटत नाही?"

"धीर होत नाही गं."

"एमसीबी पाडताना बरा झाला धीर." मग तिने मान वळवली. "बाई, त्याला फोन लाव."

दुरुस्ती. कलम चार रद्द. त्यातला मजकूर मुलाला आज तोंडी सांगितला. मी फोन ठेवला नाही. शेवटी तो म्हणाला, "आईला द्या." ती दोघं अजून बोलत आहेत, आणि मी इथे सही करत आहे.

सही: लिहिणार, निवृत्त वायरमन
साक्षीदार १: आमचे डॉक्टर
साक्षीदार २: हार्डवेअरवाला (शिडी उद्या आणून देतो.)
स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: १७ मार्च