बॅगेतले आठ किलो

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे. मी बाहेर जाते आहे. उद्याच्या विमानाची काळजी करू नका.

नाही. करा.

काल तुम्ही दरवर्षीसारखे माझी बॅग घेऊन वजनकाट्यावर उभे राहिलात, आकड्यातून स्वतःचे चौऱ्याहत्तर वजा केलेत आणि म्हणालात, "पंधराच भरली! कोंबा अजून आठ किलो, बाईसाहेब. परदेशात अख्खा हिवाळा काढायचाय."

कोंबायला गेले तर चेनच लागेना. म्हणून सकाळी शेजारणीचा हुकाचा काटा आणला. बॅग तेवीस किलो भरली. पुन्हा लटकवली, तरी तेवीसच.

म्हणजे कमी झालेले आठ किलो बॅगेचे नाहीत. तुमचे आहेत.

मग तुमचा पट्टा पाहिला. खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं आहेत. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. स्वेटर सैल झाला तेव्हा मी लोकरीला नावं ठेवत बसले, आणि तुम्ही खुशाल हसलात!

मुलीला अजून कळवलेलं नाही. तुम्ही आलात तर कळवणारही नाही, निदान आज.

दोघांचे पासपोर्ट माझ्या पर्समध्ये आहेत, कपाटं उपसू नका. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसते. चिडा, हवं तेवढं चिडा, पण या. तिकडचा बर्फ कुठे पळून जात नाही.

बॅगेला हात लावू नका. डॉक्टरांच्या काट्यावर रिकाम्या हातांनी उभे राहा.

आकडा मी वाचीन.