गाणारी उजवीकडे सरकली

३ मार्च, मंगळवार

डावा कमी आहे! आजच लिहून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको की हिनं चार दिवस विचार करून खोड काढली. पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

खोकं सकाळी आलं. कानात बसणारी जोडी. कंपनी तिला ‘इन-इअर मॉनिटर’ म्हणते, स्टेजवरचे गवई घालतात त्या जातीची. आपण आपलं इअरफोन म्हणू. किंमत मधली. कॉलेजच्या पोरांना जड वाटेल आणि शौकिनांना हलकी. माझ्या ‘कानोसा’ सदराला अशीच वस्तू बरी. वाचून कुणीतरी खरंच विकत घेतं.

तपासणीला नेहमीचंच ध्वनिमुद्रण लावलं, माझं स्वतःचं, स्टुडिओतलं. व्हायोलिन डावीकडे, बासरी उजवीकडे, गाणारी बरोबर मधोमध. कोण कुठं बसलं होतं हे मला ऐकून ठरवावं लागत नाही. खुर्च्यांच्या पायांभोवती खडूनं खुणा मीच केल्या होत्या. आणि या जोडीत गाणारी उजवीकडे सरकली! चांगली वीतभर! व्हायोलिनवाला तर खोलीबाहेर बसून वाजवतोय असं वाटलं.

हे दुकानातून आले तेव्हा सांगितलं. “बरं,” म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

४ मार्च, बुधवार

न्याय म्हणजे न्याय. निकाल देण्याआधी सगळं करून पाहिलं. फोन बदलला, यांचा घेतला. रबरी टोप्या बदलल्या. मधल्या मापाच्या जागी मोठ्या, मग छोट्या. जाळी पुसली. वायर काढून पुन्हा बसवली. फरक शून्य.

बाकी जोडी गुणाची आहे, तेही लिहिणार. खर्ज भरीव, पण गुबगुबीत नाही. गाणारीनं कडव्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. मी तेव्हा काचेआड बसून तो ऐकला होता, त्यानंतर आज ऐकला. दोन तास घातली तरी कान दुखला नाही. खोड एवढीच की वायर कानावरून मागे वळवायची, तर ती चष्म्याच्या काडीशी भांडते, आणि मान हलली की पदराला घासून खरखरते.

पण डावा कमी तो कमीच.

६ मार्च, शुक्रवार

लेख पाठवला. तासाभरात तातडीचा फोन. (संपादक. त्याचा प्रत्येक निरोप ‘तातडीचं आहे’ असा सुरू होतो, म्हणून मी त्याचं हेच नाव ठेवलंय. माणूस वाईट नाही.)

“बाई, बाकी कुणीच असं म्हटलेलं नाहीये हो. दोन ठिकाणी तर ‘तोल उत्तम’ असं छापून आलंय.”

त्यांचे कान त्यांना लखलाभ, म्हटलं.

“आपण असं करू या का... ‘काही जणांना डावी बाजू किंचित कमी वाटू शकेल’?”

किंचित नाही, काही जण नाही, आणि वाटू शकेल तर मुळीच नाही. कमी आहे! एवढं एक वाक्य बदललंस तर माझं नाव काढ, सदर तुझ्या भाच्याला दे, असं सांगून फोन ठेवला. पाच मिनिटांनी त्याचाच पुन्हा आला. कंपनीला एक संधी द्यायची, दुसरी जोडी मागवायची, मग छापायचं. ठीक. शंभर जोड्या मागव.

९ मार्च, सोमवार

दुसरी जोडी आली. डावा कमी!

एक असती तर चूक म्हटली असती. दोन म्हणजे कारखान्यातच गोंधळ आहे. लेखात तसं वाक्य घातलं. या खोक्यात एक चिठ्ठीही आहे: ‘डावा-उजवा जुळवून तपासला’, खाली वळणदार सही. कसला जुळवलाय! मुलगी बघायला जाणारेसुद्धा याहून नीट जुळवतात.

मला आज सारखे स्टुडिओतले आमचे मोठे साहेब आठवतायत. मी नोकरीला लागले तेव्हा म्हणाले होते, “बाईचा कान गाणं ऐकायला चांगला. ध्वनिमुद्रणाचं काम वेगळं.” सगळे हसले होते. त्याच आठवड्यात सोळा वादकांत कुणाची तार उतरली ते मी काचेआडून बोटानं दाखवलं. साहेबांना ऐकूच आलं नव्हतं! त्यानंतर बत्तीस वर्षं ती खुर्ची माझी. कुणी कृपा म्हणून दिली नव्हती. निवृत्त झाले तेव्हा खुर्ची ठेवून आले, कान घेऊन आले. आता कुणी ऐऱ्यागैऱ्यानं मला शिकवू नये.

१५ मार्च, रविवार

छापून आलं. शब्द न शब्द! ‘डावीकडून दगा’ हे शीर्षक तातडीचं. जरा भडक आहे, पण चालेल.

१७ मार्च, मंगळवार

सात पत्रं! सातही जणांचा डावा कमी! एकानं तर लिहिलंय, ‘बाई, तुम्ही आमचे कान उघडलेत.’ तातडी खूश. मी तर विचारूच नका. चहा घेताना सातही पत्रं यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

हे चष्म्याची काच पुसत होते. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान, हात रिकामा राहत नाही. म्हणाले, “माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी एकच तक्रार करतो. हल्ली अक्षरं फार बारीक छापतात.”

म्हणजे काय?

“काही नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. आपली जुनी म्हण आहे.”

 जेवताना मीठ हवं होतं, ते यांच्याकडे न मागता उठून स्वतः घेतलं.

१९ मार्च, गुरुवार

आज घरी एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल. खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले. दारातच म्हणाली, “मॅडम, तुम्ही ज्या जोडीवर लिहिलंत ना, ती मी जुळवली होती. दोन्ही जोड्या माझ्याच.” चिठ्ठीवरची वळणदार सही हिची!

यांनी तिला आत घेतलं. मी घेतलं नसतं.

तिचं काम तिनं सांगितलं. डावे एका ताटात येतात, उजवे दुसऱ्या. एकसारखे दिसले तरी प्रत्येकाचा आवाज केसभर वेगळा. ही प्रत्येक नग यंत्रावर लावते, मग स्वतःच्या कानानं ऐकते, आणि ज्या दोघांचं पटतं त्यांचीच जोडी बांधते. दिवसाला साठ. “नऊ वर्षं झाली मॅडम. माझ्या टेबलावरून गेलेली जोडी परत आलेली नाही. रविवारनंतर चौदा आल्यात.” पिशवीतून कागद काढला. यंत्रानं काढलेल्या डाव्या-उजव्याच्या दोन रेघा, एकावर एक अशा बसलेल्या की एकच दिसावी.

कागदाला कान नसतात, मी म्हटलं.

“बरोबर आहे. म्हणून तर आले. मॅडम, एकदाच उलटे घालून बघा. डावा उजव्या कानात, उजवा डाव्या कानात. नीट बसणार नाहीत, हातानं धरा. तुमची ती गाणारी... दोष आमच्या नगात असेल तर ती डावीकडे जाईल. मी मालकांना जाऊन सांगेन की चूक माझीच. आणि ती तिथंच राहिली, तर...”

हे खिडकीबाहेर बघत होते. भारी नाटकी आहेत!

मी म्हटलं, बाई, ही अदलाबदल मी शिकाऊ पोरांना शिकवलेली आहे. स्वतःच्या कानावर विश्वास नसलेल्यांसाठी असते ती. मला असल्या परीक्षांची गरज नाही. दिलेली नाही, देणार नाही.

ती रागावली नाही. कप उचलून स्वतः मोरीत ठेवला. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, “मला सगळे आधी हसलेच होते मॅडम. कानानं जुळवणार म्हटल्यावर.”

तिला काय वाटलं, मी विरघळेन?

२० मार्च, शुक्रवार

नाही म्हणजे नाही. मोडेन पण वाकणार नाही.

२३ मार्च, सोमवार

तातडीचा फोन. आज हसतच बोलला. “बाई, काय दम आहे तुमच्या लेखणीत! कंपनीनं जोड्या जुळवणाऱ्या बाईला टेबलावरून उठवलं. खोकी बांधायला बसवलंय.”

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाला, मालकानंच. माफीसारखं काहीतरी पाठवलंय, पुढच्या रविवारी छापू.

मी काय केलं? ऐकलं ते लिहिलं. समीक्षकानं दुसरं काय करायचं असतं? कुणाचं टेबल जाईल म्हणून ‘तोल उत्तम’ लिहायचं? असं लिहिणारे दोघे आहेतच की! बोटचेपेपणा मला बत्तीस वर्षांत जमला नाही, आता या वयात कुठून आणू?

पण तो हसला ते आवडलं नाही.

आज सदरासाठी काही ऐकलं नाही.

२५ मार्च, बुधवार

एक पत्र आलंय. शिंप्याचं. अक्षर सुंदर.

लिहितो: ही जोडी चार महिन्यांपासून त्याच्याकडे आहे. दुकानात तीन मशिनं धडधडतात, दुपारी अर्धा तास ती बंद असतात, तेव्हा हा माणूस कानात जोडी घालून कापडाच्या ढिगाला टेकून गाणं ऐकतो. ‘दिवसातली माझी तेवढीच चैन. डावा कमी आहे असं मला आधी कधी जाणवलं नाही. तुम्ही लिहिलंत, आणि तेव्हापासून कमीच वाटतो. आता घातली की गाण्याकडे लक्षच लागत नाही, डावीकडेच लागतं. म्हणून ठेवून दिली. तुमच्यासारखा कान देवानं आम्हाला दिला नाही, तरी बरं वेळेवर सांगितलंत. आभारी आहे.’

आभारी आहे! तीनदा वाचलं. मग ती सात पत्रं पुन्हा काढली. त्यातही तेच. ‘आपला लेख वाचल्यावर लक्षात आलं.’ ‘लेख वाचून लगेच लावून पाहिलं.’ लेखाआधी एकालाही काही झालेलं नव्हतं. मी लिहिलं म्हणून त्यांना ऐकू आलं. एवढी माझी पत! आणि ती कमावली मी याच कानावर.

उगाच कपाट आवरत बसले.

२६ मार्च, गुरुवार

दुपारी यांच्या दुकानात गेले. बऱ्याच महिन्यांनी. गिऱ्हाईक नव्हतं. विचारलं, अहो, दिसत नाही हे लोक कबूल करतात का?

“बहुतेक करतात. पण काही वस्ताद असतात. बाकावर नंबर येईपर्यंत समोरच्या पाटीवरची अक्षरं पाठ करतात आणि आत आले की धडाधड म्हणून दाखवतात. शेवटच्या ओळीपर्यंत!”

मग तुम्ही काय करता?

“दुसरी पाटी लावतो.”

रागावता?

“छे गं. रागवायचं काय त्यात? घाबरलेला असतो माणूस.” आणि माझ्याकडे न बघता काचा पुसत राहिले. हा माणूस मला किती ओळखतो! संताप येतो.

दुकानातून चालत घरी आले. रस्ता ओलांडताना डावीकडून एक सायकल अगदी जवळून गेली. घंटी वाजवली असेल त्यानं.

२८ मार्च, शनिवार

तातडीला सकाळीच चार ओळी पाठवल्या. ‘जोडी समान आहे. दोन्ही जोड्या. कमी आहे तो माझा डावा कान. जुळवणाऱ्या बाईंचा कान माझ्याहून चांगला आहे, त्यांना त्यांचं टेबल परत मिळालं पाहिजे.’ त्याचा फोन आला: “बाई, एवढं उघडं कशाला? ‘छपाईतील चूक’ म्हणू या ना.” म्हटलं, एक अक्षर बदललंस तर याद राख! तेवढ्याच मोठ्या टायपात. माझं नाव पूर्ण. सदर राहो नाहीतर जावो. शिंप्याला वेगळं पत्र टाकलं.

आता राहिलं हे पान. इथं तरी कुणाला घाबरत होते?

मला हे आज कळलेलं नाही. घरच्या गाणी ऐकायच्या जुन्या यंत्राचं डाव्या-उजव्याच्या तोलाचं बटण वर्षभर मीच थोडं थोडं डावीकडे सरकवत आले. फोनला तसलं बटण सापडलं नाही, एवढंच. आणि तीन तारखेला, हे दुकानातून यायच्या आधी, मी जोडी उलटी घालून पाहिली होती. दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून, पूर्ण गाणं.

गाणारी जागची हलली नाही.