शेगडीच्या आठवड्याचा आकडा

कीथली,
रविवार, १० जानेवारी १९८८

प्रिय हेटीताई,

तुझं मंगळवारचं पत्र मिळालं. मनगटाचं प्लॅस्टर निघालं हे वाचून बरं वाटलं. अक्षर अजून तिरकं येतंय, पण रागावण्यापुरतं सरळ आहे. इकडे माझं ठीक चाललंय. गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारनंतर ऐकतो. तुझ्या दाराशी दुधाच्या बाटल्या साचल्या होत्या, ते दूध बंद करून टाकलंय. शेजारच्या मिसेस मिर्झा रोज तुझी चौकशी करतात.

आता तुझ्या कामाचं. मी नीट समजलोय ना ते बघ. जॉइसचं म्हणणं, त्या घरात आईला ऊब परवडणार नाही, तेव्हा घर विकून तिने तिथेच बोर्नमथला मुलीकडे राहावं. तुझं म्हणणं, पुढच्या खोलीतल्या गॅसच्या शेगडीला असा खर्च तो काय येतो. जावईबापूंनी तीन वर्षांपूर्वी हौसेने बसवून दिलेलं सेंट्रल हीटिंग तू एकदाच लावलंस, तेही फिटरला वाईट वाटू नये म्हणून. आठवड्याला चार पौंडांच्या वर एक पेनी तुला झेपणार नाही. 'तू एकतीस वर्षं गावाची मीटरं वाचलीस, आता माझं वाच. तुझा आकडा येईल तो मी मानेन, जॉइसनेही मानायचा,' असं तू लिहिलंयस.

उद्यापासून सुरू करतो. पहिला आठवडा फक्त शेगडी, तुझ्यासारखीच, दोन कांड्या पेटवून, सकाळी सहा ते रात्री दहा. दुसरा आठवडा शेगडी बंद आणि हीटिंग चालू, वेळ तीच. दोन्ही आठवडे मी दिवसभर तिथे बसणार. माणूस नसलेल्या घराचं रीडिंग म्हणजे अर्धवट रीडिंग. दार उघडतं, झाकतं, चहा होतो, त्याशिवाय खरा आकडा निघत नाही. मागच्या परसात थर्मामीटर टांगलाय, म्हणजे एक आठवडा जास्त गार होता अशी तक्रार कोणी करायला नको.

जिन्याखालच्या कपाटातलं मीटर अजून तसंच आहे, समोर तुझी इस्त्रीची फळी. गुडघे टेकून आत शिरावं लागतं.

इस्पितळातल्या लोकांना जॉइसचा नंबर कुठून मिळाला, असं तू पुन्हा विचारलंयस. इस्पितळवाले चौकशा करतातच. जाऊ दे ते आता.

जॉइसला आणि रॉयला माझा नमस्कार सांग.

तुझा भाऊ,
क्लिफर्ड


कीथली,
सोमवार, २५ जानेवारी

प्रिय हेटीताई,

दोन्ही आठवडे पार पडले. हवा जवळपास सारखीच होती. सकाळी दोन-तीन अंश, दुपारी सहा-सात. बुधवारी थोडा बर्फ पडला, तो दुपारपर्यंत गेलासुद्धा.

शेगडीच्या आठवड्यात मी तुझ्या खुर्चीवर बसलो. पुढून नडग्या भाजत होत्या आणि पाठीमागून कोणीतरी खिडकी उघडी टाकल्यासारखं वाटत होतं. स्वयंपाकघरात जायचं तर कोट चढवून. हीटिंगच्या आठवड्यात मात्र मी सगळ्या घरभर फिरलो. वरच्या मागच्या खोलीत जाऊन उगाच पाच मिनिटं उभा राहिलो. त्या खोलीत जानेवारीत माणूस नुसत्या शर्टावर उभा राहू शकतो हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

मिसेस मिर्झा एकदा डाळ घेऊन आल्या. रेडिएटरला हात लावून म्हणाल्या, "क्लिफभाई, घरात बाई नाही आणि तुम्ही घर तापवताय?"

"हिशेब करतोय," मी म्हटलं.

"कसला हिशेब? मनगट बरं झालं ना त्यांचं? मग बोलवा की परत."

डाळ चांगली होती, तिखट होती.

तर आकडे असे. शेगडीचा आठवडा: ५ पौंड ८५ पेन्स. हीटिंगचा आठवडा: ७ पौंड १० पेन्स. रीडिंग मी सकाळ-संध्याकाळ दोनदा घेतलं, टॉर्च लावून, प्रत्येक काटा वेगळा बघून. शेगडी जुनी झाली की गॅस जास्त खाते, नळीचा दाबही कमी-जास्त होतो, शिवाय धुराड्यातून बरीच ऊब वर निघून जाते.

म्हणजे फरक जेमतेम सव्वा पौंडाचा. एवढ्यासाठी जिन्यात कुडकुडण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तूच विचार कर.

तुझा भाऊ,
क्लिफर्ड


कीथली,
रविवार, ३१ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र काल आलं. हे मी रविवारीच लिहितोय आणि उद्या पहिल्या डाकेला टाकणार आहे, म्हणजे शुक्रवारच्या आत तुझ्या हातात पडेल. शुक्रवारी सही करू नकोस. आधी हे पुरतं वाच.

तू लिहितेस, 'शेगडीसुद्धा चार पौंडांच्या वर जात असेल तर दोन्ही माझ्या आवाक्याबाहेर. तू सांगितलंस म्हणजे प्रश्न मिटला. जॉइसने शुक्रवारी विक्रीच्या कागदांवर सही करायला दलालाला बोलावलंय.' हे वाचलं आणि मी तुझ्याच स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसलो.

शेगडीच्या आठवड्याचा खरा आकडा २ पौंड ८५ पेन्स आहे. दोनच्या जागी मी पाच लिहिला.

एकतीस वर्षांत मी कुणाच्या मीटरचा चुकीचा आकडा लिहिला नाही. कुत्रं अंगावर आलं, तळघरात गुडघाभर पाणी होतं, तरी अंदाजाने रीडिंग टाकलं नाही. हे तुला माहीत आहे, कारण तुलाच मी वर्षानुवर्षं ऐकवत आलोय. आणि पहिला खोटा आकडा लिहिला तो तुझा.

माझ्या मनात काय होतं ते सांगतो. माफी मिळावी म्हणून नाही, तुला कळावं म्हणून. मला वाटलं, फरक सव्वा पौंडाचाच आहे म्हटल्यावर तू म्हणशील, 'मग लावते बाई ते हीटिंग,' आणि घरी येशील. दोन्ही सोडून घरच विकायला काढशील, हे डोक्यातच आलं नाही. सगळ्यांत सोपा हिशेब तोच होता, आणि मी तोच केला नाही.

शेगडी स्वस्त आहे, चार पौंड पंचवीस पेन्सने स्वस्त. तुझं बरोबर होतं. पण ती एक खोली तापवते आणि तू एका खोलीत राहत नाहीस. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी तू स्वेटर आणायला वर गेलीस, पाय बधिर झाले आणि उतरताना शेवटच्या चार पायऱ्यांवरून पडलीस. मी सकाळी दहाला आलो. तीन तास तू त्या फरशीवर होतीस. पुढच्या खोलीचं दार बंद होतं, आत शेगडी चालू होती आणि तू दाराच्या या बाजूला. तुझे ओठ कसे दिसत होते ते मी तुला कधी सांगितलं नाही. नंतर तुझे कपडे आणायला वर गेलो तर उशाशी ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. 'क्लिफ, गाडीत घालायच्या आधी माझे केस विंचर,' एवढंच तू म्हणालीस. आणि म्हणालीस, 'जॉइसला कळवायचं नाही. ती मला घेऊन जाईल.'

जॉइसला मी कळवलं. इस्पितळाने नाही. बाहेरच्या फोनच्या खोक्यातून मी केला फोन. ती म्हणाली, "मामा, मी निघाले," आणि मला इतकं हायसं वाटलं की मी रिसीव्हर ठेवायला विसरलो. दोन महिने तू इस्पितळाला नावं ठेवतेस आणि मी 'जाऊ दे' लिहितो.

आता आणखी एक. हीटिंगचा आठवडा संपल्यावर मी गप्प बसलो नाही. हा तिसरा आठवडा मी वेगळी रीत करून पाहिली. दिवसभर पुढच्या खोलीत तुझी शेगडी. त्याखेरीज सकाळी एक तास आणि निजायच्या आधी एक तास हीटिंग, तेही फक्त जिन्याच्या बोळातला आणि तुझ्या निजायच्या खोलीतला असे दोनच रेडिएटर. बाकीचे खालच्या किल्लीने बंद. पेल्यातलं पाणी पाणीच राहिलं, मी मुद्दाम भरून ठेवलं होतं.

आकडा आला ४ पौंड १५ पेन्स. तुझ्या चारच्या वर पंधरा पेन्स. ३ पौंड ९५ लिहायचा मोह झाला, बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो. पण आकडा ४.१५ आहे.

आता तू ठरव. बोर्नमथला राहायचं असेल तर तेही चूक नाही. जॉइस वाईट मुलगी नाही, ती घाबरलेली आहे, माझ्यासारखीच. फक्त जे ठरवशील ते खऱ्या आकड्यावर ठरव.

क्लिफर्ड


कीथली,
गुरुवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

काल मिर्झांच्या घरी तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. बोलणार कसा? खोलीत सात माणसं, टीव्हीचा आवाज माझ्यासाठी बारीक केलेला, सगळे तिकडे बघत असल्यासारखं करून इकडे ऐकत होते. मिसेस मिर्झांनी तर विणकाम हातात घेऊन एक टाका घातला नाही. म्हणून हे लिहितोय.

तू "क्लिफर्ड?" म्हणालीस तेव्हाच मी उठून उभा राहिलो होतो. तुला फोनवर ते दिसलं नसेल.

"पंधरा पेन्स कुठून आणायचे?" हे तू पहिलं विचारलंस.

"मी देतो."

"तू गप्प बस."

मग तू जे बोललीस ते रात्रभर माझ्या कानात आहे. "शेगडीचा आकडा मला खटकला होता रे. बावीस वर्षं तिच्यापुढे बसतेय मी. पण तू लिहिलंयस म्हटल्यावर वाटलं, माझंच चुकतंय. वय झालं, आता साधा हिशेबही कळेनासा झाला. जॉइसला म्हटलं, माझं डोकं चालत नाही बाई, सही कुठे करायची ते दाखव."

ताई, मी तुझं घर घालवायला निघालो होतो, एवढंच मला वाटत होतं. तुझा तुझ्या डोक्यावरचा विश्वास घालवत होतो हे तू सांगेपर्यंत कळलं नाही. तुझं डोकं चांगलं चालतं. तू बरोबर होतीस आणि मी खोटं लिहिलं, हे मी जॉइसलाही वेगळ्या पत्राने कळवलंय, तारखेसकट.

फोनचं तुला जास्त लागलं म्हणालीस. "दोन महिने त्या गरीब नर्सला शिव्या घातल्या मी, मनातल्या मनात." त्यावर मला हसू आलं आणि तुलाही आलं असं वाटलं, पण लाइनवर खरखर होती. मात्र एक सांगतो. आकडा मी पुन्हा कधी खोटा लिहिणार नाही. फोन पुन्हा करीन. तू तशी पडलेली दिसलीस तर दहादा करीन. त्यावर रागवायचं तर आत्ताच रागवून घे.

सही करणार नाहीस म्हणालीस. रॉय तुला शनिवारी तेरा तारखेला गाडीने आणून सोडणार. जॉइस तुझ्याशी बोलत नाही आणि माझ्याशीही बोलणार नाही, हे ऐकून वाईट वाटलं, पण ती ईस्टरपर्यंत बोलेल. आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळपासूनच मी दोन्ही रेडिएटर लावून ठेवीन. त्या दिवसाचा गॅस माझा, यावर वाद नको. मांस भरलेली पेस्ट्री बेकरीवाल्याला सांगितलीय. मिसेस मिर्झा त्यांचं काहीतरी आणणारच आहेत. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवायला सुतार सोमवारी येतोय. विचारलं नाही तुला. सांगतोय.

आणि जे काल सात माणसांपुढे बोलता आलं नाही ते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि तू चौदाची. गिरणीतून येऊन तू माझे मोजे चुलीपुढे वाळवायचीस आणि मला विचारायचीस, "अरे, पाय ओले कसे करून आलास?" माझी बायको एल्सी गेली, मित्र गेले, ऑफिसातले साहेब गेले. गावात आता सगळे मला मिस्टर म्हणतात, मुलं आजोबा म्हणतात. 'अरे' म्हणणारी एवढी तूच. त्या रविवारी फरशीवर गुडघे टेकून तुझी नाडी शोधत होतो तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. ही गेली तर आपण कुणाचे धाकटे राहणार, एवढंच. दोनच्या जागी पाच मी ह्या भीतीने लिहिला. दुसरं कारण नाही.

प्रवासात पाय झाकून बस. रॉयला सांग, वाटेत दोनदा थांब.

तुझा धाकटा,
क्लिफ