सासरेबुवांच्या वाट्याला एक ग्रह

मी, लेबरेख्ट ओस्टहाइमर, वय एकावन्न, धंदा आकाशाचे वेध घेणे आणि पोटासाठी शाळेत गणित शिकवणे, राहणार लिंडेनरोडे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. फुप्फुसे गेली आहेत, डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण त्याला कायद्याची मनाई नाही.

माझ्याकडे मोलाची चीज एकच: गेल्या हिवाळ्यात पोटमाळ्याच्या खिडकीतून मला सापडलेला छोटा ग्रह. ज्याला सापडला त्याने नाव ठेवायचे, असा आमच्यात रिवाज आहे. हे नाव इथल्या वेधशाळेचे संचालक एगोन रीबेनाउ, म्हणजे माझे सासरे, यांना स्वतःसाठी हवे आहे. अशा ग्रहांना बायकी नावे देतात, म्हणून ‘एगोनिया’. तसा निरोपही त्यांनी धाडला आहे.

कलम १. दुर्बीण माझा मित्र, वेधशाळेत आकडेमोड करणारा गणक वेंडेलिन क्राप याला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. भिंग बाहीने पुसण्याची खोड त्याने सोडावी.

कलम २. पलंग, भांडी आणि आलुबुखारच्या मुरंब्याच्या बरण्या घरमालकीण हुल्डाबाईंना. आजारपणात त्यांनी सूप आणून दिले आणि उपदेश केला नाही.

कलम ३. सासरेबुवांनी माझ्या अंत्ययात्रेला येऊ नये. पोटच्या मुलीच्याही आले नव्हते, तेव्हा त्यांना जड जाणार नाही. हे कलम गाळा, असे पाद्रीबुवा म्हणाले. गाळलेले नाही.

कलम ४. ग्रहाचे नाव. त्यांच्या मुलीने त्यांच्याच मदतनिसाशी, म्हणजे माझ्याशी, लग्न केले. त्याच आठवड्यात त्यांनी मला वेधशाळेतून हाकलले आणि घरात तिचे नाव काढायला बंदी केली. पुढे ती तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा मी त्यांच्या दारात गेलो.

“वाल्बुर्गाला तुम्हाला बघायचंय.”

“ते नाव या घरात घ्यायचं नाही, ओस्टहाइमर. दार लावून घ्या, थंडी आत येतेय.”

तिला मी सांगितले, येतो म्हणाले. तिने माझ्याकडून केस विंचरून घेतले, उशीला टेकून बसली आणि दाराकडे बघत राहिली. तीन दिवसांनी गेली. या माणसाला मी कधीही क्षमा करणार नाही.

म्हणून ग्रहाचे नाव ‘वाल्बुर्गा’ असावे. एकदा छापले की ते बदलत नाही. दरवर्षीचे ग्रहपंचांग सासरेबुवाच काढतात. त्यांचा कोणावर भरवसा नाही, म्हणून छपाईआधी प्रत्येक ग्रहाचे नाव आणि आकडे ते स्वतः मोठ्याने वाचतात आणि क्राप समोर बसून ताडून पाहतो.

हे कलम वाचून क्रापने विचारले, “अरे, आणि म्हाताऱ्याच्या तोंडून ते नाव निघालंच नाही तर?”

“थांबायचं. निघेपर्यंत पुढची ओळ घ्यायची नाही,” मी म्हणालो. “वाचताना आवाज कापला, तर परत वाचायला लावायचं. पंचांगात चूक राहता कामा नये.”

लिंडेनरोडे, ९ मार्च १८८४
(सही) लेबरेख्ट ओस्टहाइमर

आमच्यासमक्ष सही केली:
इमानुएल त्सोबेल, पाद्री
रुडिगर फाल्क, औषधविक्रेता