श्वास धरायचा नसतो

क्लॅरेंडन, जमैका
१४ ऑक्टोबर २०१९

प्रिय यारेद,

ईस्टरनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. बाबांबद्दल वाढवून लिहिलं तर तू घाबरशील, कमी लिहिलं तर टोरांटोत निवांत राहशील, या घोळात महिने गेले.

तर जसं आहे तसं. ऑगस्टमध्ये बाबांचं उजवं फुप्फुस अचानक मिटलं. याम कंदाच्या वेलांना काठ्या रोवत होते, तिथेच छाती धरून खाली बसले. दवाखान्यात नळी घालून अडकलेली हवा काढली. फुप्फुसाच्या टोकांना पातळ फुगे आलेत, त्यातला एक फुटला होता. दुसरा फुटला आणि डोंगर उतरून दवाखाना गाठायला उशीर झाला तर ते वाचायचे नाहीत, हे डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं. गांजामुळेच का, मी विचारलं. म्हणाल्या, "फुग्यांचं शपथेवर सांगता यायचं नाही. पण हा रोजचा कफ, या सुजलेल्या श्वासनळ्या धुराच्याच. ओढणं थांबलं तर तेवढं तरी सुधारेल."

बाबांचं म्हणणं तुला पाठ आहे. आपण तंबाखू मिसळत नाही, चिलमीच्या भांड्यातलं पाणी धूर धुऊन काढतं, गांजाचं पान देवाने दिलेलं. मी तोंड उघडलं की म्हणतात, "पोरी, तू पोलिसांच्या बाजूने कधीपासून बोलायला लागलीस?" याच पानापायी पोलिसांनी त्यांच्या धर्म म्हणून राखलेल्या जटा कापल्या, तेव्हा तू पाळण्यात होतास. तेव्हापासून पानाला नावं ठेवणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी बॅबिलॉनचा, म्हणजे जुलमी सरकारचा माणूस, आणि सरकारी शाळेचा पगार घेणारी मी तर आहेच. खरं सांगू, माझ्या तोंडून नक्की कोण बोलतंय, अशी शंका कधी कधी मलाही येते.

सप्टेंबरात श्वासाची तपासणी झाली. नळी तोंडात धरून छाती भरून घ्यायची आणि लगेच जोरात फुंकायचं, एवढंच. बाबांनी छाती भरली आणि डोळे मिटून बसून राहिले. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "सोडा की आजोबा. साठवताय काय, बँक आहे का ती?" पुन्हा श्वास भरला, पुन्हा धरला. बाकावरची माणसं हसली, बाबाही हसले आणि हसता हसता खोकल्याने वाकले. मला हसू आलं नाही. प्रार्थनेत चिलीम हाती आली की धूर खोल घ्यायचा आणि धरायचा, पटकन सोडणं म्हणजे त्याचा अनादर, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "धरून ठेवल्यानेच जास्त डांबर आत बसतं, बाबा. सिगारेटवाला तरी लगेच सोडतो."

घरी आल्यावर म्हणाले, मला गांजाच्या पाल्याचा चहा करून देत जा, ओढायचं ते बाकीचे ओढतील. प्रार्थनेच्या झोपडीबाहेर स्टूल टाकून तिथूनच ढोल वाजवायचे. मंडळी चिडवायची, "एफ्राइम, बाप्टिस्ट चर्चवाला झालास की काय?" हे म्हणायचे, "तुम्हीच बेसूर गाता, लांबून बरं वाटतं." रात्रीचा खोकला उतरत चालला होता. मी झोपायला लागले होते.

काल रविवारी तुझा फोन आला. इथे तर आता सरकारमान्य दुकानात मिळतं, काही होत नाही बाबा, डॉक्टर उगाच घाबरवतात, असं तू म्हणालास. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालास, हे मला कळतं. बोलता बोलता तुला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. बाबांनी फोन कानाशी घट्ट धरून ती पूर्ण ऐकली आणि माझ्याकडे बघत कौतुकाने म्हणाले, "पोरगा माझ्यावर गेलाय." त्याच संध्याकाळी स्टूल उचलून झोपडीत, धुरात गेले. माझ्यात आता वाद घालायचं बळ नाही, यारेद. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. पण त्यांना काही सांगण्याआधी तू स्वतःची छाती तपासून घे. जे निघेल ते तूच त्यांना सांग. काहीच निघालं नाही तर तेही सांग, मी मधे बोलणार नाही.

तुझीच,
अस्तेर

(माझ्या डायरीत) उद्या: हे पत्र पुन्हा न वाचता पोस्टात टाकणे.